जुन्नरी कागद आणि हिरडा : जंतुरोधक नॅनोतंतू वेष्टनाची स्थानिक पूर्वपीठिका

प्रस्तावना :
वनस्पतींच्या अतिसूक्ष्म तंतूंत नैसर्गिक जंतुरोधक अर्क मिसळून अन्नासाठी वेष्टन तयार करणे, हा आज संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी लागणारे तंतू आणि अर्क हे दोन्ही घटक जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या इतिहासात स्वतंत्रपणे आढळतात. त्या दोहोंच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तंतू : जुन्नरी कागद
मराठेशाहीत जुन्नर हे हातकागदाचे केंद्र होते आणि 'जुन्नरी' ही कागदाची परिचित ओळख होती. हातकागदाच्या पद्धतीत जुने दोर, गोणपाट, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून, कुटून व धुवून लगदा करीत. तो साच्यावर उचलून, वाळवून, खळ लावून घोटीत. थोडक्यात, वनस्पतीतील सेल्युलोजचे तंतू सुटे करून ते पुन्हा एकत्र बसविण्याचीच ही विद्या होय. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा व्यवसाय मागे पडला.

अर्क : हिरडा
भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी कुटुंबे कोवळी फळे वाळवून बाळहिरडा विकतात. इंग्रजी अमलात हिरडा मुंबईमार्गे इंग्लंडला कातडी कमावण्यासाठी जाई. हिरड्यातील टॅनिन प्रथिनांशी बांधले जाते, म्हणून कातडे कुजत नाही. याच गुणामुळे अनेक जिवाणूंची वाढही रोखली जाते. माल मात्र कच्चाच बाहेर गेला. १९७६ च्या आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायद्याने खाजगी व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीस आळा घालण्याचा प्रयत्न झाला, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली.

नवे तंत्र :
उच्च विद्युत्दाबाखाली द्रावणातून तंतू ओढण्याच्या पद्धतीचे एक महत्त्वाचे पेटंट आंतोन फोरमाल्स यांना १९३४ मध्ये मिळाले. असे तंतू केसाहून शेकडो पट बारीक असू शकतात. त्यांचे पृष्ठफळ मोठे असल्याने त्यांतील अर्क अन्नाच्या पृष्ठभागावर हळूहळू पोहोचविता येतो. नारायणगावच्या टोमॅटोसारख्या नाशवंत मालासाठी हे तंत्र तपासून पाहण्याजोगे आहे. तथापि ओलाव्याने तंतू फुगतात, टॅनिनमुळे रंग व चव बदलू शकते, शिवाय अन्नास स्पर्श करणाऱ्या वेष्टनाला २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांची कसोटी लागू आहे.

निष्कर्ष :
जुन्नरी कागदाचा ऱ्हास कौशल्याच्या अभावाने झाला नाही. यंत्र दुसरीकडे होते, म्हणून झाला. हिरड्याच्या बाबतीत झाड येथे राहिले, पण त्यावरील प्रक्रिया दूर गेली. नॅनोतंतूंच्या संशोधनातही अर्क काढण्याचे काम बाहेर गेल्यास संकलकाच्या वाट्याला पुन्हा वाळविण्याची मजुरीच येईल. म्हणून या परिसरातील महाविद्यालयांनी प्रकल्पाचा आराखडा करतानाच ग्रामसभेचा मालकीहक्क आणि प्रक्रियेचे ठिकाण यांचा विचार करावा. प्रयोगशाळेतील यशाइतकाच हा प्रश्नही संशोधनाच्या कक्षेत येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.