धावपट्टीच्या जागी

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला मुलाकडे होतो. शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा आखून शर्यती घेणारा मी. मुलाने मिलरोझ गेम्सला नेले. १९०८ पासूनची ही छताखालची स्पर्धा!

१६८ व्या रस्त्यावरची 'आर्मरी'. आत २०० मीटरची, वळणांवर बाहेरून उंच केलेली धावपट्टी. मैलासाठी आठ फेऱ्या आणि वर नऊ मीटर. यारेड नुगूसने ३ मिनिटे ४६.६३ सेकंदांत मैल संपवला. छताखालचा जागतिक विक्रम! वय विसरून मीही उभा राहून ओरडलो. पाचच दिवसांत नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने तो मोडला म्हणा...

परतताना मुलगा म्हणाला, "बाबा, १९८० च्या दशकात इथे बेघर पुरुषांचा निवारा होता." लष्करासाठी बांधलेल्या त्या दालनात तेव्हा ओळीने शेकडो खाटा होत्या. १९९३ मध्ये तिथे पुन्हा शर्यती सुरू झाल्या. चांगलेच झाले, किती मुले तिथे धावायला शिकली!

पण धावणाऱ्याचा सेकंदाचा शंभरावा भागही आपण लिहून ठेवतो. त्या खाटांवर झोपणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? इतकी वर्षे इतिहास शिकवला, मुलांना हा प्रश्न मात्र कधी विचारला नाही. असो.