चाकावाचून घडलेला रांजण

आजकाल हौसेनं मातीची भांडी करायला शिकणारे पुष्कळ झालेत. केलेला वाडगा बहिणीला देतात, कप मित्राला देतात. यावर लोक म्हणतात, 'हा नुसता छंद. खरं काम कुंभाराचं.' हा भेद जरा आपल्याच नद्यांच्या काठी तपासून पाहू.

बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरेच्या संगमापाशी सोनगाव आहे. तिथे १९६५ साली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. माळवा आणि जोर्वे म्हणून ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगातली खापरं निघाली. ढोबळमानानं तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. जोर्वे भांडं चाकावरचं, लाल, वर काळी नक्षी, टिचकी मारली तर धातूसारखं खणकन वाजणारं. हे सरावलेल्या कारागिराचं काम, यात वाद नाही. पण त्याच लोकांची जाड, हातानं घडवलेली भांडीही सापडतात. अभ्यासक त्यांना 'भरड' म्हणतात. हा शब्द नकळत निकालच देऊन टाकतो, बरं का!

नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते. त्याच भीमेच्या खोऱ्यात, वर शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी तिथे खोदाई चालली. लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मूल त्यात, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. हे कुंभ बहुधा भरड जातीचे. नक्षीची नाजूक भांडी मृताजवळ ठेवत, पण लेकराला कुशीत घ्यायला जाड मडकंच.

तिथल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तर चार पायांचा मातीचा रांजण निघाला. आत बसलेल्या स्थितीत एक प्रौढ पुरुष. रांजण कच्चा, न भाजलेला. भट्टी ठाऊक नव्हती असं नाही; त्याच गावात भट्टी सापडली आहे.

घट कसा होतो, या प्रश्नाला नैयायिकांनी दंड, चक्र, कुलाल अशी कारणं सांगितली. माती वाहणारं गाढव मात्र 'अन्यथासिद्ध' म्हणून यादीबाहेर. (गाढवाची बाजू कुणी मांडलीच नाही.) या रांजणाला दंड नाही, चक्र नाही, वर भाजणीही नाही. तो एका माणसासाठी केला, इतकंच. विकायचं भांडं आधी घडतं आणि मग त्याला धनी मिळतो. इथे धनी आधी होता. बहिणीसाठी वाडगा करणारा नवशिका या रांगेत बसतो, असं माझं मत आहे. त्याचा वाडगा वाकडा निघाला तरी.

कुंभाराचा व्यवहारही निव्वळ बाजाराचा नव्हता. तो बलुतेदार. वर्षभर मडकी द्यायची, सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचं. संक्रांतीची सुगडं, अक्षय्य तृतीयेचा करा त्याच्याकडूनच. पण चूल? ती खेड्यातल्या कितीतरी बाया स्वतः घालत, आपल्या तव्या-पातेल्याच्या मापानं. त्याला कुणी छंद म्हटलं नाही. हात चांगला असेल तर शेजारीणही हाक मारायची आणि तिचीही एक घालून द्यायची.