नारंगवाल, जामखेड, गडचिरोली : बालआरोग्य संशोधकांच्या शिक्षणाची एक परंपरा

भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संसर्गजन्य रोग आणि पोषण या दोन विषयांचे संशोधन एकमेकांपासून बरेच अलग वाढले. मुंबईत प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा जंतू आणि लशी यांत गुंतली होती, तर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला १९१८ मध्ये बेरीबेरीच्या अभ्यासासाठी आरंभलेले काम वाढत जाऊन १९५८ मध्ये हैदराबादला हलले आणि तेथे राष्ट्रीय पोषण संस्था आकाराला आली. खेड्यातल्या दीड वर्षाच्या मुलाच्या शरीरात मात्र अशी विभागणी नसते. जुलाबात त्याची भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, वजन उतरते, आणि वजन उतरलेल्या मुलाला पुढचा ताप किंवा गोवर अधिक सहज गाठतो. हे चक्र समजून घेणारा संशोधक प्रयोगशाळेत तयार होणे शक्य नव्हते. त्यासाठी त्याला त्या मुलाच्या घरी वारंवार जावे लागणार होते.

अशा जाण्याची शिस्त लावणाऱ्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक म्हणजे पंजाबच्या लुधियाना जिल्ह्यात १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉन गॉर्डन आणि जॉन वायन यांनी चालविलेला खन्ना अभ्यास. त्याचा मुख्य विषय कुटुंबनियोजन हा होता आणि त्या बाबतीत त्याला फारसे यश आले नाही. तथापि जन्म, मृत्यू आणि आजार यांची घरोघर जाऊन सातत्याने नोंद करण्याची जी पद्धत तेथे बसली, तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आईच्या दुधावरून वरच्या अन्नावर येण्याच्या काळात मुलांना होणाऱ्या अतिसाराचे एक ठरावीक स्वरूप असते, आणि अस्वच्छ अन्न व अपुरे अन्न ही त्याची दोन्ही कारणे एकाच वेळी काम करीत असतात, असे गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले. त्याआधीच, १९५९ मध्ये, नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि गॉर्डन यांनी पोषण आणि संसर्ग यांच्या परस्परपरिणामांवर लेख लिहिला होता. त्याचा विस्तार असलेला ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला.

या तिघांपैकी कार्ल टेलर यांचे भारताशी नाते सर्वांत जवळचे होते. त्यांचा जन्म १९१६ मध्ये मसुरीजवळच्या लंढौर येथे मिशनरी डॉक्टरांच्या कुटुंबात झाला, लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, आणि १९६१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा केला. या विभागाचे खरे शिक्षण बाल्टिमोरच्या वर्गात जेवढे झाले, त्याहून अधिक लुधियानाजवळच्या नारंगवाल या खेड्यात झाले, असे म्हणण्यास आधार आहे. तेथील ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जो प्रयोग चालला, त्यात काही गावांना पूरक आहार, काहींना संसर्गावरील उपचार, काहींना दोन्ही देण्यात आले, आणि काही गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. पोषण की औषधोपचार हा वाद केवळ मतांच्या जोरावर न लढवता गावांच्या पातळीवर मोजून सोडवावा, ही त्यामागची भूमिका होती.

नारंगवालमध्ये गावातच राहून घरभेटी देणाऱ्या परिचारिका-प्रसाविका मुलांची वजने घेत, आजार ओळखत आणि न्यूमोनिया वाटल्यास डॉक्टरची वाट न पाहता पेनिसिलिनचे इंजेक्शन देत. डॉक्टरांच्या हाती राखून ठेवलेला अधिकार असा खाली उतरवणे त्या काळी धाडसाचे होते, आणि बालमृत्यू घटल्यामुळे ते योग्यही ठरले. तेथील नोंदींवरून आर्नफ्रीड कीलमन आणि कॉलिन मॅककॉर्ड यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की वयानुसार अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांखाली वजन गेले की पुढच्या प्रत्येक १० टक्के घसरणीबरोबर मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो. तराजूवरचा आकडा हे मुलाच्या जगण्यामरण्याचे भाकीत असू शकते, हे इतक्या स्पष्टपणे दाखविल्यानंतर अंगणवाडीतील वजन घेण्याकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहण्याला कोणतेही समर्थन उरत नाही.

भारत आणि अमेरिका यांचे संबंध ताणले गेल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यास नारंगवालचे काम थांबले. पण तोवर टेलर यांचे विद्यार्थी महाराष्ट्रात पोहोचले होते. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हॉपकिन्समधून परतले, आणि १९७० मध्ये त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात काम सुरू केले. नारंगवालच्या कार्यकर्त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या. जामखेडने एक पायरी आणखी खाली उतरून गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना हे काम शिकविले. त्या ठरावीक दिवशी केंद्रात जमत, आपापल्या गावातील मुलांविषयी सांगत आणि एकमेकींकडून शिकत. पुढे देशोदेशींचे डॉक्टर आणि अभ्यासक जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकविणाऱ्यांत याच स्त्रिया होत्या. संशोधकाच्या शिक्षणात खेड्यातील स्त्रीला गुरूचे स्थान मिळणे, ही या परंपरेतील सर्वांत मोलाची घटना मानावी लागेल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही हॉपकिन्समध्ये टेलर यांचेच विद्यार्थी. त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि मोजमापाची कसोटी अधिक काटेकोर केली. न्यूमोनिया झालेल्या मुलाचा श्वास जलद होतो, म्हणून एका मिनिटातील श्वास मोजणे हे निदानाचे साधे साधन आहे. पण ज्या सुईणींना हे शिकवायचे होते, त्यांपैकी अनेकींना बारापलीकडे मोजता येत नव्हते. त्यासाठी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मणी ओवलेल्या तारा एका पाटीवर बसवून श्वासमापक तयार करण्यात आला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर मुलाला न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले : न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगक्षेत्रात पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८.१, तर तुलनेच्या क्षेत्रात १७.५ होते.

अशा प्रयोगांत तुलनेची गावे हा नेहमीच अवघड प्रश्न असतो, कारण तेथील प्रत्येक मृत्यूही संशोधकाला नोंदवावा लागतो. मूल दगावल्यावर काही काळाने आईला त्याच्या शेवटच्या दिवसांविषयी विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याच्या पद्धतीला मृत्यूची तोंडी तपासणी म्हणतात. ती कागदावर शिकता येते, परंतु दुःखात असलेल्या घरात कधी जावे, काय विचारावे आणि कुठे थांबावे, हे अनुभवी कार्यकर्त्याबरोबर हिंडल्याशिवाय कळत नाही. या नोंदींचे सार्वजनिक मोल २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखविले. महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी मिळून केलेल्या या मोजणीने सरकारी आकड्यांत न दिसणारे बालमृत्यू समोर आणले, आणि शासनाला त्याची दखल घ्यावी लागली.

गडचिरोलीत त्यापूर्वीच आरोग्यदूत स्त्रिया नवजात बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे सर्व एकाच घरभेटीत करू लागल्या होत्या. पोषण आणि संसर्ग हे दोन विषय येथे एका पिशवीत सामावले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नवजात मृत्युदरात तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्के घट झाली. केंद्र शासनाने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला, तेव्हा बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देऊन वजन, ताप आणि श्वास तपासण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे आले. इंजेक्शनचा अधिकार मात्र तिला सरसकट देण्यात आला नाही.