आठ चाळीसच्या आधीचा टीव्ही

जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही घोळक्यात ठरलेली यादी सुरू होते. रामायणाच्या वेळी ओस पडलेले रस्ते, गुरुवारचं छायागीत, लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, गच्चीवर अँटेना फिरवणारा एक आणि खालून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडणारा दुसरा. मीही या यादीत आनंदाने भर घालतो. पण ती म्हणताना आपण दोन वेगळ्या टीव्हींची सरमिसळ करतो, असं मला हल्ली वाटायला लागलंय. एक टीव्ही मुंबईचा होता, दुसरा दिल्लीचा. आमच्या घरात या दोघांमधली हद्द घड्याळात दिसायची. रात्रीचे आठ चाळीस. ती हद्द सगळ्यात आधी ओळखली माझ्या आजीने.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे आपले पु. ल. देशपांडे काम करत होते, हे मराठी माणसाला सांगायला नकोच. मुंबईला मात्र त्यानंतर तेरा वर्षं थांबावं लागलं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीचं केंद्र सुरू झालं. आम्ही ठाण्याला चाळीत राहायचो. चाळीत पहिला टीव्ही आला तो आमच्या शेजारच्या काकूंकडे, आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी मुलांची चटईवर आणि बायकांची भिंतीकडेला अशी बैठक ठरून गेली. आमच्याकडे टीव्ही यायला आणखी दोन-तीन वर्षं गेली.

मुंबई केंद्राची ती पहिली दहा वर्षं आज आठवली की आश्चर्य वाटतं. काही तासांच्या संध्याकाळीत किती भाषा! गुजराती 'आवो मारी साथे', तबस्सुमचं हिंदी 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', इंग्रजी 'व्हॉट्स द गुड वर्ड', आणि भरपूर मराठी. 'आमची माती, आमची माणसं', 'गजरा', 'ज्ञानदीप', 'प्रतिभा आणि प्रतिमा', मुलांसाठी 'किलबिल'. विनायक चासकर, विनय आपटे यांच्यासारखी रंगभूमीची ओढ असलेली माणसं निर्माते म्हणून तिथे होती. बातम्या द्यायला स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे, अनंत भावे. सेट साधे, कॅमेरा फारसा हलायचा नाही. पण पडद्यावरचं बोलणं आपल्या घरातलंच वाटायचं.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. मराठी सोडून दुसरी भाषा नाही. तिला हा टीव्ही फार आवडायचा. निवेदिका पडद्यावर आली की आजी आणि काकूंची पैज लागायची, साडीचा खरा रंग कोणता? पडद्यावर सगळं राखाडी, पण आजी ठामपणे सांगायची, "मोरपंखी आहे, काठ चिंतामणी." काकू म्हणायच्या, "छे, डाळिंबी." निकाल कधीच लागायचा नाही, म्हणून पैज कधी संपायचीही नाही.

आणि 'चिमणराव'! १९७७ ते १९७९ या काळातली ही मालिका. चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ सालचं, म्हणजे ज्या काळाची ही गंमत होती तो आजीच्या लहानपणाचा काळ. त्यामुळे आम्ही पोरं गुंड्याभाऊच्या सोट्याला हसायचो आणि आजी भलत्याच ठिकाणी हसायची. एखादं भांडं बघून, एखादा शब्द ऐकून. "आमच्याकडे अगदी अस्संच होतं," म्हणायची. त्या खोलीत तेवढा अर्धा तास सगळ्यांत जाणकार माणूस ती असायची.

मग १९८२ साल उजाडलं. १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम, दोन्ही सुरू झाले. नोव्हेंबरात एशियाड आलं. रंगीत टीव्हीसाठी हट्ट धरणारे तेव्हाचे नभोवाणी मंत्री वसंत साठे विदर्भातले, म्हणजे आपलेच. पुढच्या काही वर्षांत दिवसाचा साचा पक्का झाला. संध्याकाळ मुंबईची, आठ चाळीसला हिंदी बातम्या, आणि तिथून पुढचा सगळा चांगला वेळ दिल्लीचा. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली, ती १७ डिसेंबर १९८५ पर्यंत चालली. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. त्यानंतर 'बुनियाद'.

आमच्या घरी पहिल्या काही दिवसांत बाबा आजीला भाषांतर करून सांगत. पण एक वाक्य सांगेपर्यंत पुढची दोन निसटायची. मग "थांब गं, नंतर सांगतो" सुरू झालं. नंतर कोण सांगतंय! महिन्याभरात आजीने स्वतःच तोडगा काढला. आठ चाळीस झाले की "माझं झालं" म्हणून ती उठायची आणि आत जाऊन उद्याचे तांदूळ निवडत बसायची. कुणी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. कुणी बसही म्हटलं नाही.

निदान ठाण्याला आम्हाला आठ चाळीसच्या आधीचा टीव्ही तरी होता. १९८४ साली काही महिने देशात दिवसाला एक या वेगाने लहान प्रक्षेपक उभे राहिले. हे प्रक्षेपक इन्सॅट-१बी उपग्रहावरून थेट दिल्ली पकडत. माझी आत्या मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. तिच्याकडे टीव्ही आला तेव्हा आत्तेभावांनी मोठ्या कौतुकाने आम्हाला बोलावलं. बघतो तर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी 'आमची माती'ऐवजी दिल्लीचं 'कृषिदर्शन'! सभोवती ज्वारी आणि कापूस, आणि टीव्हीवर गव्हाला पाणी कधी द्यावं ते हिंदीत.

आता खरं सांगायचं तर दिल्लीच्या टीव्हीने मला पुष्कळ दिलं. 'मालगुडी डेज'मुळे कर्नाटकातलं आगुंबे मला न बघता ओळखीचं झालं. श्याम बेनेगलांच्या ५३ भागांच्या 'भारत एक खोज'ने मला इतिहासाची गोडी लावली. त्यात नसिरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले होते. महाराजांचं नाव ऐकून आजी आतून बाहेर आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज हिंदी बोलतात होय?" तेव्हा आम्ही खूप हसलो. मला जग मिळालं आणि तिची संध्याकाळ आखडली. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच पेटीतून घडत होत्या.

तिला परत आणलं ते रामायणाने. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला. भाषा तीच हिंदी, पण आता भाषांतराची गरजच नव्हती. श्रीधरांचा 'रामविजय' तिने किती वेळा वाचला होता कोण जाणे. पुढे काय होणार हे तिला माहीत, आम्हाला नाही. "आमच्या पोथीत हे असं नाही," असं ती रामानंद सागरांना अधूनमधून बजावायची. बाबा तिला विचारायचे, "आई, हा कोण गं?" पुन्हा एकदा खोलीतला जाणकार माणूस ती झाली. 'महाभारत' संपेपर्यंत तर ती बाबांना थट्टेने "पुत्र" म्हणायला लागली होती.

आजी १९९३ च्या थंडीत गेली. १९९४ साली दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावरून सुरू झाली, तिलाच पुढे 'सह्याद्री' नाव मिळालं. १९९९ साली 'अल्फा मराठी' आली. आठ चाळीसनंतरही मराठी, रात्री अकरालाही मराठी. तिला थोडा उशीर झाला इतकंच.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रामायण पुन्हा दाखवलं गेलं, सगळंच्या सगळं. ते बघताना मला चिमणराव आठवला. त्याचे मोजकेच भाग आज बघायला मिळतात. त्या काळी टेप महाग, त्यामुळे दाखवून झालेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा भरायची पद्धत जगभर होती. इंग्लंडात बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चेही कितीतरी भाग असेच गेले. राष्ट्रीय मालिका जपल्या गेल्या, त्यांच्या कॅसेटी निघाल्या, सीड्या निघाल्या. आठ चाळीसच्या आधीचं मात्र बरंचसं फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात उरलंय. आणि ती डोकी आता कमी होत चालली आहेत. प्रदीप भिडे २०२२ मध्ये गेले, बाळ कर्वे २०२५ मध्ये.

असो. म्हणून एक विनंती. घरातल्या मोठ्यांना रामायणाबद्दल नंतर विचारा, ते कुठे जात नाही. आधी 'गजरा'बद्दल विचारा, 'किलबिल'बद्दल विचारा, निवेदिकांच्या साड्यांबद्दल विचारा, आणि सांगतील ते लिहून ठेवा. आणि हेही आठवून बघा, तुमच्या घरात आठ चाळीसला "माझं झालं" म्हणून कोण उठायचं?