उपग्रह-दिशादर्शन : अचूक कालमापनाचा इतिहास

उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करण्याचा इतिहास वरवर पाहता अग्निबाण आणि उपग्रह यांचा वाटत असला, तरी त्याच्या प्रत्येक टप्प्याचे यश मुख्यतः कालमापनाच्या अचूकतेवर ठरलेले दिसते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख यांनी त्याच्या रेडिओ संकेताच्या वारंवारतेतील चढउतार, म्हणजेच डॉप्लर परिणाम, मोजून त्याची कक्षा निश्चित केली. कक्षा आधीच ठाऊक असेल तर याच मोजमापावरून ग्राहकाचे स्थान काढता येईल, हे त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी ओळखले आणि त्यातून अमेरिकी नौदलाची ‘ट्रान्झिट’ प्रणाली उभी राहिली. १९६४पासून ती पाणबुड्यांच्या उपयोगी पडू लागली. परंतु स्थान कळण्यासाठी उपग्रह माथ्यावरून जाण्याची वाट पाहावी लागत असल्याने वेगवान विमानांना तिचा फारसा लाभ नव्हता.

ही उणीव १९७३ साली मान्यता मिळालेल्या ‘जीपीएस’ने दूर केली. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि संकेत निघाल्याची नेमकी वेळ सतत प्रसारित करतो, आणि संकेत पोहोचण्यास लागलेल्या अवधीवरून ग्राहकयंत्र अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने जाणारा संकेत सेकंदाच्या दशलक्षांश भागात सुमारे ३०० मीटर अंतर कापत असल्यामुळे घड्याळाची तेवढी चूकही स्थान निरुपयोगी ठरवू शकते. म्हणूनच उपग्रहांत सिझियम किंवा रुबिडियम अणूंच्या कंपनांवर चालणारी आण्विक घड्याळे बसवतात. हातातल्या स्वस्त यंत्रात असे घड्याळ नसल्याने त्याच्या वेळेतील चूक हे चौथे अज्ञात मानावे लागते आणि त्यासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत घ्यावे लागतात. सापेक्षतावादानुसार कक्षेतील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते, आणि ही तफावतही हिशेबात धरावी लागते.

या प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला. वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान १ सप्टेंबर १९८३ रोजी पाडले जाऊन २६९ जण मृत्युमुखी पडल्यानंतर अमेरिकेने ही सेवा नागरी वापरासाठीही खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संकेताची अचूकता मुद्दाम घटवण्याची प्रथा मे २०००पर्यंत चालू राहिली. दुसऱ्या राष्ट्राच्या मर्जीवर अवलंबून राहण्यातील हा धोका ओळखून रशियाच्या ग्लोनासपाठोपाठ युरोपने गॅलिलिओ आणि चीनने बायडू या आपापल्या प्रणाली उभारल्या.

भारताने संपूर्ण पृथ्वीऐवजी आपला भूभाग आणि सीमेपलीकडील सुमारे १५०० किलोमीटरचा पट्टा एवढेच क्षेत्र निवडले, त्यामुळे ‘नाविक’ प्रणालीला सातच उपग्रह पुरेसे ठरले. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी प्रक्षेपित झाला. पण पहिल्याच उपग्रहातील तिन्ही परदेशी बनावटीची रुबिडियम घड्याळे बंद पडल्याने तो कक्षेत सुस्थितीत असूनही स्थाननिश्चितीसाठी निकामी ठरला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये अग्निबाणाचे उष्णताकवच विलग न झाल्याने वाया गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पाठवावा लागला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात घडवलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ प्रथमच बसवण्यात आले. त्याचा उत्तराधिकारी एनव्हीएस-०२ मात्र जानेवारी २०२५ मध्ये अवकाशात पोहोचूनही इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणाऱ्या झडपा न उघडल्याने नियोजित कक्षा गाठू शकला नाही.

पहिल्या पिढीतील उपग्रहांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांचेच योजलेले असल्याने, घड्याळाचे स्वावलंबन साधल्यानंतरही जुन्या उपग्रहांची जागा घेणारे नवे उपग्रह वेळेवर कक्षेत पोहोचवणे हीच या प्रणालीच्या स्वायत्ततेची खरी कसोटी आहे.