चोवीस कुत्री आणि सुखाचे शास्त्र

दिवाळीच्या चार दिवसांत सुखासमाधानाच्या गोष्टी बोलाव्यात, हा आपला रिवाजच आहे. परंतु ज्या शास्त्राने समाधान मोजण्याचा आणि वाढविण्याचा विडा उचलला, त्याची कुळकथा मात्र फराळाच्या ताटाशी सुरू होत नाही. ती सुरू होते अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, विजेचे चटके खाणाऱ्या कुत्र्यांपासून.

साल १९६७. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी आठ-आठ कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला चटका बसे. पण डोक्याजवळची पट्टी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटालाही तेवढाच चटका, तेवढाच वेळ. मात्र त्यांनी काहीही केले तरी तो थांबत नसे. तिसऱ्या गटाला चटका नाहीच. दुसऱ्या दिवशी सर्वांना एका दुभागलेल्या पेटीत सोडण्यात आले. मध्ये एक बुटकी फळी; ती ओलांडली की सुटका. पहिल्या व तिसऱ्या गटांतील कुत्र्यांना ही युक्ती लवकरच साधली. दुसऱ्या गटातील आठांपैकी सहा मात्र शेवटपर्यंत सुटली नाहीत; जागच्या जागी चटके सोशीत राहिली. वाट समोर मोकळी होती; पण ‘आपल्या करण्याने काही होत नाही’ हा धडा जणू ती आदल्या दिवशीच गिरवून आली होती. संशोधकांनी या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ असे नाव दिले. पुढे अशा काही कुत्र्यांना गळ्यातील दोरीने फळीपलीकडे पुन्हा पुन्हा ओढून नेले, तेव्हा कुठे ती आपल्या पायांनी जाऊ लागली. मुक्या जिवांचा हा छळ वाचताना आज मन कळवळते, आणि ते कळवळावेच.

माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट एका गावाने आधीच सांगून ठेवली होती. व्हिएन्नाजवळच्या मारीएनथाल गावची कापडगिरणी बंद पडली आणि सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. वेळ हवा तेवढा, वाचनालयाची वर्गणीही माफ. तरी वाचनालयातून जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली! रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मानसशास्त्राचा पसारा वाढला, पण तो मुख्यतः मनाच्या रोगांभोवती. १९४९ मध्ये तेथे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था निघाली. संशोधनाचा पैसाही बहुतांशी आजारांकडे वळला. आम्हां शाळामास्तरांच्या हाती लाल पेन्सिल असते. तिला चूक तेवढी दिसते, बरोबर उत्तराखाली ती क्वचितच थांबते. या शास्त्राचेही तसेच झाले. निरोगी मन म्हणजे काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही असे मात्र नव्हे. अब्राहम मॅस्लोने १९५४ च्या आपल्या ग्रंथात ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हे शब्द योजले, आणि त्याच मारी याहोडाने १९५८ मध्ये या प्रश्नावर आख्खे पुस्तक लिहिले. पण तो प्रवाह बारीकच राहिला.

त्याला पूर आला तो १९९८ मध्ये. सेलिग्मन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले होते. बागेत तण काढताना ते आपल्या पाच वर्षांच्या मुलीवर खेकसले, तेव्हा ती म्हणाली की, मी पाचव्या वाढदिवशी रडका स्वभाव सोडायचे ठरवले आणि सोडला; मग तुम्हांला तिरसटपणा का सोडता येऊ नये? हा किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. माणसाचे दोष काढून टाकणे वेगळे आणि गुण वाढविणे वेगळे, हे त्यांना तेथे उमगले.

समाधान मोजण्याचे एक माप एड डीनर यांनी १९८५ मध्येच करून ठेवले होते: पाच विधाने, प्रत्येकाला एक ते सात गुण, बेरीज ३५ पर्यंत. आता उपायांचीही परीक्षा सुरू झाली. २००५ मध्ये सेलिग्मन व सहकाऱ्यांनी ५७७ माणसांना आठवडाभर निरनिराळे अभ्यास दिले. ४११ जण शेवटपर्यंत टिकले. एक अभ्यास असा: रोज रात्री त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येक का घडली तेही लिहायचे. दुसरा: आपला ठळक गुण रोज नव्या तऱ्हेने वापरायचा. या दोहोंचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला. तिसरा म्हणजे, ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचे. त्याने आनंद सर्वांत अधिक वाढला, पण महिन्याभरानंतर तो ओसरत गेला. २००६ मध्ये अशाच अभ्यासांची गुंफण करून खिन्नतेच्या रुग्णांसाठी उपचारपद्धती मांडण्यात आली.

येथे सावध राहिले पाहिजे. पुढे अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा लाभ खरा पण लहान ठरला. शिवाय लेखिका बार्बरा एरनराइख यांनी २००९ मध्ये हसऱ्या चेहऱ्याच्या या सक्तीवर कडक टीका केली. ती विसरू नये. मारीएनथालच्या माणसांना वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगून गिरणी सुरू झाली नसती. भुकेल्याला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ म्हणणे हा उपचार नव्हे, निर्दयपणा आहे. खोल खिन्नतेत बुडालेल्यालाही आधी वैद्य हवा, वही मागाहून.

मग या शास्त्राची कमाई काय? ती २०१६ मध्ये, पन्नास वर्षांच्या अंतराने, त्याच सेलिग्मन आणि मायर यांनी सांगितली. मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे त्यांनी आपलाच जुना सिद्धांत उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही. दीर्घकाळ दुःख सोसणाऱ्या जिवाची ती सहज प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते उलट: आपल्या हातून काही घडू शकते, हे. म्हणजे खचलेला माणूस आळशी नसतो, दुबळाही नसतो. त्याला तो अनुभव पुरेसा मिळालेला नसतो, इतकेच.

यंदा फराळाला जमलेल्या घरात एखादे माणूस कोपऱ्यात गप्प बसलेले असेल. त्याला ‘हस की जरा’ म्हणू नका. त्याला जमेल असे एखादे काम त्याच्या हाती द्या, आणि ते होईपर्यंत शेजारी बसा.