रहस्यकथेतील योगायोग व संभवनीयता

कथानक पुढे सरकावे, अडकावे किंवा संपावे एवढ्यासाठीच पुरेशा कारणाविना घडवून आणलेल्या घटनेला रहस्यकथेच्या संदर्भात सोयीस्कर योगायोग म्हटले जाते. कथेच्या अंतर्गत नियमांनुसार एखादी घटना किंवा एखाद्या पात्राचे वर्तन घडण्याजोगे वाटणे, या गुणाला संभवनीयता म्हणतात. पात्राने स्वतःच्या स्वभावाशी विसंगत असा अविवेकी निर्णय घेणे, हा संभवनीयतेला बाधा आणणारा दुसरा प्रमुख दोष होय. रहस्यकथा, गुप्तहेरकथा आणि थरारपट या प्रकारांत हे दोन्ही दोष विशेष जाणवतात. कारण तेथे वाचक केवळ श्रोता नसतो, तर लेखकाच्या बरोबरीने तर्क करीत असतो.

संज्ञा व पूर्वपीठिका

कावळा ताडावर बसण्यास आणि फळ पडण्यास एकच गाठ पडावी, तशा कार्यकारणसंबंध नसलेल्या घटनेसाठी भारतीय परंपरेत ‘काकतालीय न्याय’ ही संज्ञा आहे. काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यांनी अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हे काव्याचे जीवित मानले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी ‘काव्यशास्त्रा’त, शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना श्रेयस्कर ठरविली.

पात्राच्या वर्तनाला कारण पुरविण्याचे अभिजात उदाहरण कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकात आढळते. महाभारतातील मूळ आख्यानात दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही राजसभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी यांची योजना करून राजाचे हे वर्तन विस्मृतीचा परिणाम म्हणून दाखविले. शाप व अंगठी या दोन्ही गोष्टी लेखकाच्या सोयीच्या आहेत. मात्र प्रेक्षकाला त्या आधीच ठाऊक असल्याने त्या फसवणूक वाटत नाहीत.

रहस्यकथेचे नियम

वाचकाशी प्रामाणिक राहण्याचे नियम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्रजी रहस्यकथेत लिखित स्वरूपात मांडले गेले. अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम, तर इंग्लंडमधील धर्मगुरू व लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. गुप्तहेराला कोणत्याही अपघाताची मदत होऊ नये, एकाहून अधिक गुप्त खोल्या वा भुयारे नसावीत आणि वाचकाची पूर्वतयारी केल्याशिवाय जुळी भावंडे कथेत आणू नयेत, हे नॉक्स यांच्या नियमांपैकी काही होत. रेमंड चँडलर यांनी १९४४ मधील एका प्रसिद्ध निबंधात ए. ए. मिल्न यांच्या ‘द रेड हाउस मिस्टरी’ या कादंबरीतील असंभाव्य गोष्टींची सविस्तर चिकित्सा केली.

सर्व पात्रे मूर्खासारखी वागतात म्हणूनच जे कथानक टिकून राहते, त्याला ‘इडियट प्लॉट’ म्हणतात. चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांच्या लेखनामुळे ही संज्ञा लोकप्रिय झाली.

मराठी साहित्यात

बाबुराव अर्नाळकर यांनी ‘झुंजार’, ‘काळा पहाड’ व ‘धनंजय’ या नायकांभोवती विपुल रहस्यकथा लिहिल्या. त्यांची संख्या हजाराहून अधिक सांगितली जाते. पुढील काळात गुरुनाथ नाईक यांचे ‘कॅप्टन दीप’ व ‘गोलंदाज’ आणि सुहास शिरवळकर यांचे ‘दारा बुलंद’, ‘मंदार पटवर्धन’ व ‘फिरोज इराणी’ हे नायक वाचकप्रिय झाले. मर्यादित पृष्ठसंख्या आणि लेखनाचा वेग यांमुळे अशा मालिकांत वेषांतर, ऐनवेळी होणारे आगमन आणि चोरून ऐकलेले संभाषण या युक्त्या वारंवार उपयोगी पडतात. नियमित वाचक त्यांना दोष न मानता त्या प्रकाराचे संकेत म्हणून स्वीकारतो.

भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ या बालवाङ्मयातील मालिकेत फुरसुंगीचा बनेश फेणे जाईल तेथे संकट उभे राहते. हा योगायोगच आहे. परंतु तो कथेच्या आरंभी येतो आणि सुटका मात्र नायकाच्या चलाख बुद्धीने होते.

नाट्य व चित्रपट

नाशिक येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेले नाटककार वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, त्यापूर्वी गो. ब. देवल यांनी याच नाटकावरून ‘झुंझारराव’ रचले होते. हे नाटक रहस्यकथा नसले, तरी या विषयावरील जुन्या वादाचे केंद्र आहे. एका हातरुमालाच्या आधारे सेनापतीने पत्नीचा वध करावा, याची टीकाकार टॉमस रायमर यांनी १६९३ मध्ये थट्टा केली होती. रुमाल गळून पडणे हा योगायोग खराच. परंतु त्याचा लाभ खलनायक हेतुपुरस्सर उठवितो आणि परक्या समाजात वावरणाऱ्या नायकाची असुरक्षितता त्याच्या संशयाला आधार देते.

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारित असून त्यात काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या भूमिका आहेत. राज खोसला यांनी त्यावरून ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला. पत्नीच्या निधनानंतर तिच्यासारखीच दिसणारी स्त्री गुन्हेगार म्हणून पकडली जाते आणि आपणच वकिलाची पत्नी असल्याचा दावा करते. उलगडा जुळ्या बहिणीच्या अस्तित्वाने होतो. या बहिणीविषयी पतीला काहीच माहीत नसणे, ही कथेची सर्वांत मोठी सोय आहे. ती बऱ्याच अंशी निभावते, कारण प्रेक्षकाच्या मनातील शंकाच न्यायालयात उलटतपासणीच्या रूपाने विचारल्या जातात. शिवाय गुन्हेगार नातेवाइकाविषयी सासरी मौन बाळगणे हे तत्कालीन कौटुंबिक प्रतिष्ठेच्या कल्पनांशी विसंगत नाही.

निशिकांत कामत दिग्दर्शित ‘दृश्यम’ (२०१५) हा गोव्यात घडणारा हिंदी चित्रपट जीतू जोसेफ यांच्या मल्याळम चित्रपटावरून (२०१३) केलेला आहे. साळगावकर कुटुंब पोलिसांकडे का जात नाही, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. मुलीच्या बदनामीची धास्ती, स्थानिक पोलिसाची आधीच दाखविलेली अरेरावी आणि मृत तरुणाची आई पोलीस महानिरीक्षक असणे, यांतून त्याचे उत्तर मिळते. पोलीस उपनिरीक्षक गायतोंडे नायकाला मृताच्या मोटारीत नेमका पाहतो, हा योगायोग आहे. तो नायकाच्या विरुद्ध जात असल्याने ताण वाढवितो.

मूल्यमापन

या उदाहरणांतून तीन कसोट्या स्पष्ट होतात. पहिली, योगायोगाने संकट निर्माण झाल्यास वाचक ते मान्य करतो. योगायोगाने संकट सुटल्यास त्याची निराशा होते. दुसरी, उलगड्यास आवश्यक असलेली माहिती कथेत आधी पेरलेली असावी लागते. तिसरी, निर्णय चुकीचा असणे हा दोष नव्हे; भीती, लज्जा, प्रेम किंवा अपुरी माहिती यांमुळे माणसे प्रत्यक्षातही चुकीचे निर्णय घेतात. चुकीचे मूळ पात्राच्या परिस्थितीत न सापडता केवळ लेखकाच्या गरजेत सापडले, तर मात्र तो दोष ठरतो.

संभवनीयतेचा अतिरेकी आग्रहही सर्वमान्य नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी प्रत्येक घटनेचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण मागणाऱ्यांची थट्टा केली होती. पात्रे लगेच पोलिसांकडे गेल्यास कथाच उरणार नाही, असा त्यांचा रोख होता. मोबाइल फोनमुळे हा प्रश्न अधिक कठीण झाला आहे. जुन्या कथांत निरोप वेळेवर न पोहोचणे स्वाभाविक होते. आजच्या लेखकाला घाटात ‘नेटवर्क’ नसणे किंवा बॅटरी संपणे यांचा आधार घ्यावा लागतो आणि त्याचीही पूर्वसूचना द्यावी लागते.